ठिपके

रोहेलियोचा कोट आता मी घालते.
त्याचं वरून दुसरं बटण गेलं.
बटण म्हणजे गोल नव्हे, चार भोकांचं नव्हे,
बोटाएवढा लाकडी तुकडा, दोन्ही टोकांना निमुळता,
मधे खाच, खाचेत दोरी.
त्याला काय म्हणतात मला माहीत नाही.
रोहेलियो म्हणायचा, होडी.
‘होडी लाव, ओतिलिया, वारा सुटलाय.’
आणि पुन्ता अरेनासला वारा सुटला नाही
असा दिवस काही मला आठवत नाही.

म्हणून आधी लिहिलं : होडी.
आल्या होड्या.
रबराच्या, फुगवायच्या, दोन वल्ह्यांसकट,
एक तर इंजिनाची, हप्त्यांवर.
मग लिहिलं : कोटाची होडी.
होडीत घालायचे कोट आले, नारिंगी, बुडू न देणारे.
मग : लाकडी, लांबट, खाचेचं, दोरीचं.
पडद्याच्या दोऱ्या. सरपण. कुत्र्याने चावायची काठी.
बहिऱ्या दुकानदारापुढे आवाज चढवावा
तसे मी शब्द वाढवत गेले
आणि तो दर वेळी उत्साहाने
भलतंच काही काढून समोर ठेवत राहिला.

रविवारी भाची आली, मिलेंका.
‘लिहितेस कशाला? फोटो काढ.
त्याला दिसलं की कळतं.’
उरलेल्यातली एक होडी सोडवून तळहातावर ठेवली,
फोटो काढला.
फोनने पाहिला माझा हात.
सांध्यांचं मलम, लोकरीचे हातमोजे,
अंगठी, थेट माझ्यासारखीच, वर खडा बसवलेली.
हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!
टेबलावर ठेवून काढला
तर टेबलावरचं कापड सापडलं,
तोच पिवळा चौकडा,
जो मी सामुद्रधुनी ओलांडून पोर्वेनीरहून आणला होता
आणि आता जगात कुठे मिळत नाही म्हणून
येईल त्याला सांगत होते.
मिळतो. सहा रंगांत.
मिलेंका हसली, मीही हसले, तिच्याहून जरा कमी.

लिहायचं तर नाव ठाऊक हवं.
दाखवायचं तर नाव लागत नाही,
पण काय बघायचं ते मग तोच ठरवतो.

ती गेल्यावर, रात्री, पत्रा वाजत असताना
मी त्याला धक्क्यावरचा फोटो दिला.
रोहेलियो बाकावर, अंगात हाच कोट,
सगळ्या होड्या लावलेल्या, गळ्यापर्यंत.
फोटोवर पांढरे ठिपके उगवले.
कोटावर एक. टोपीवर एक.
बुटांवर, थर्मासवर, बाकावरसुद्धा,
मागे लांब उभ्या असलेल्या बोटीवरही एक, बारीक.
जे जे विकत मिळतं त्यावर ठिपका.
त्याच्या चेहऱ्यावर नाही.

मी त्याच्या तोंडावर बोट ठेवलं,
जणू गप्प करतेय त्याला.
चौकट हलली, थरथरली, वर सरकली
आणि चष्म्यावर जाऊन बसली.
तसल्या चष्म्याचे अडतीस नमुने निघाले.
अडतीसही पाहिले मी.
का, ते विचारू नका.

शेवटी कोटावरचा ठिपका दाबला.
वाल्दिव्हियातला कुणी तसाच कोट विकत होता,
खाली तपशील : मापं, लोकर, अस्तर फाटलेलं,
आणि ‘खुंटी-बटणं शाबूत’.
म्हणजे हे नाव.
खुंटी.
चाळीस वर्षं मी खुंट्या लावत होते तर.

तेच लिहिलं, लगेच सापडली. दहाचं पाकीट.
तीन आठवडे लागले यायला.
नऊ चहाच्या डब्यात टाकल्या,
डब्यावर चिठ्ठी चिकटवली : होड्या.
दहावी लावली कोटाला, दुहेरी दोऱ्याने.
रंग जरा फिका आहे.
वाऱ्याला काय कळतंय.